संगणकाला माया लागत नाही

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तिसऱ्या शनिवारी. त्याआधी तिला कुणी म्हटलं असतं की बाई, तू तुझ्या पाठच्या बहिणीवर जळशील, तर तिनं त्या माणसाला हातातल्या कात्रीसकट दाराबाहेर काढलं असतं. धाकटीला तिनंच तर वाढवलेलं. आई गेली तेव्हा थोरली सतरा वर्षांची, धाकटी नऊची. वेणी घालण्यापासून मशीनची सुई ओवण्यापर्यंत सगळं थोरलीनं शिकवलं, आणि शिकवताना दर वेळी ‘तुला नाही जमायचं, आण इकडे’ असंही म्हटलं. दोघींची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत ते विचारू नका, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात नातेवाईक फार येतात.

दोघी एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत कामाला होत्या. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. थोरली बेतून कापायची, धाकटी शिवायची. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि पुढंही असंच चालेल असं धरूनच दोघी चालल्या होत्या. मग एक दिवस मेट्रनबाईंनी दोघींना बोलावून घेतलं आणि सरळच सांगितलं की आता सगळा माल तयार येणार, शिवणखोली बंद होणार. नोंदणी विभागात एक जागा आहे. बसून काम, पंख्याखाली. पण तिथं संगणक आहे, तेव्हा संगणकशास्त्राची पहिली परीक्षा द्यावी लागेल. दोघींनी द्या, जिचे गुण जास्त तिला खुर्ची. दुसरीला तळघरातला धुलाईखाना.

धुलाईखाना म्हणजे काय ते त्या रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर वाफ, ओल्या चादरींचे गठ्ठे, आणि तेवीस पायऱ्या खाली-वर. थोरलीचे गुडघे तर सपाट जमिनीवरही कुरकुर करायचे. पण तिला काळजी वाटली नाही. खुर्ची आपली, हे तिनं मेट्रनबाईंच्या खोलीतून बाहेर पडायच्या आतच ठरवून टाकलं होतं. धाकटीबद्दल तिला जरा वाईटही वाटलं. बिचारी, पण अंगानं धट्टीकट्टी आहे, झेपेल तिला.

वर्ग दर शनिवारी दुपारी, रुग्णालयातल्याच एका लांबट खोलीत भरायचा. वॉर्डातले दोन-चार मदतनीस, औषधखान्यातला एक कारकून आणि या दोघी. शिकवायला येणाऱ्या सरांना सगळे शून्यमास्तर म्हणायचे, कारण त्यांची मोजणी शून्यापासून सुरू व्हायची. हजेरीतला पहिला माणूस शून्य, पुढचा बाक शून्य, पुस्तकातला पहिला धडा शून्य. औषधखान्यातला कारकून म्हणायचा, यांना पगार कितव्या महिन्यापासून सुरू झाला ते एकदा विचारायला हवं.

दर शनिवारी एक सराव परीक्षा. वीस गुण. मग मास्तर उत्तरं वाचून दाखवायचे आणि ज्यानं त्यानं आपला पेपर आपणच तपासायचा. गुण फळ्यावर लिहायचे, पेपर मात्र मास्तर गोळा करायचे नाहीत. तुमच्या चुका तुमच्याजवळच राहू द्या, त्यांचं माझ्याकडे काही काम नाही, असं ते म्हणायचे. थोरलीला हे बोलणं मुळीच आवडलं नाही. चूक म्हणजे काय घरात सांभाळून ठेवायची वस्तू आहे? तिनं रबर काढलं, चुकलेली उत्तरं साफ पुसली, त्या जागी बरोबर उत्तरं सुबक अक्षरात लिहिली आणि पेपर घडी करून पिशवीत टाकला. बघणाऱ्याला वाटावं, वीसपैकी वीस.

पहिल्या शनिवारी थोरलीला चौदा मिळाले, धाकटीला नऊ. दुसऱ्या शनिवारी थोरलीला चौदा, धाकटीला दहा. दोघी शेजारीशेजारी बसत होत्या आणि थोरलीचं मन कसं तृप्त होतं. घरी जाताना तिनं धाकटीला समजावलंसुद्धा, की प्रत्येकाचा वकूब असतो, मनाला लावून घेऊ नकोस. धाकटीनं मान हलवली.

तिसऱ्या शनिवारी धाकटी खोलीत शिरली आणि थेट पुढच्या, म्हणजे मास्तरांच्या शून्याव्या बाकावर जाऊन बसली. थोरलीनं शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. ती पिशवी तिथंच राहिली. त्या दिवशी धाकटीला तेरा गुण पडले. चौथ्या शनिवारी सोळा. पाचव्या शनिवारी सतरा, आणि मास्तर फळ्याकडे बघून ‘वा’ म्हणाले. थोरलीला चौदा, चौदा आणि पुन्हा चौदा. जणू तो आकडा कुणी तिच्या नावावर करून दिला होता.

मग काय, जळफळाट. धाकटी चहा गाळताना गुणगुणली तरी थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटी नीट बोलली तर शहाणपणा दाखवते, गप्प बसली तर माज आला. शिवणखोलीत धाकटीची एक शिलाई जरा तिरकी गेली तेव्हा थोरलीला इतका आनंद झाला की तिनं तो झगा मुद्दाम उजेडात धरून दोनदा बघितला. स्वतःची लाजही वाटली तिला. पण लाज वाटली म्हणून जळणं कमी होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि या सगळ्यामागं काय आहे, तेही तिला दिसत होतं. धाकटीकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. शनिवारी घरी आली की ती पेपर समोर ठेवून त्या वहीत काहीतरी लिहीत बसायची, पेन्सिल चावत, कपाळाला आठ्या घालून. थोरली जवळ गेली की हात आडवा. नक्की मास्तरांनी हिला काहीतरी युक्ती दिलीय, थोरलीनं ठरवून टाकलं.

खऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत धाकटी हात धुवायला बाहेर गेली. पिशवी मशीनवर होती, वही पिशवीत. थोरलीनं ती काढली आणि कापायच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाच्या थप्पीखाली सरकवली. उद्या परीक्षा, आणि हिच्याकडे वही नाही. बघू या मग किती गुण पडतात.

धाकटी आली, पिशवी चाचपली, मशीनच्या खाली बघितलं, खुर्चीमागं बघितलं. थोरली कापड मापत राहिली. वही कुठं दिसली का, असं धाकटीनं विचारलं. थोरलीनं नाही म्हटलं. त्यावर धाकटी खांदे उडवून म्हणाली की नाही सापडली तर नाही, तसं वहीचं काम झालंय. आणि ती खाली बसून पडदा शिवायला लागली. थोरलीला वाटलं होतं ही रडेल, निदान तोंडचं पाणी तरी पळेल. कसलं काय.

चार वाजता धाकटी तयार झगे पोचवायला वर गेली तेव्हा थोरलीनं वही उघडली. युक्तीबिक्ती काही नव्हती. प्रत्येक पानावर पेपरचा क्रमांक, प्रश्नाचा क्रमांक, धाकटीनं लिहिलेलं चुकीचं उत्तर, आणि खाली ‘का’.

‘पहिला पेपर, प्रश्न चार. शून्यापासून सुरू करा, दर वेळी एक वाढवा, आकडा पाचपेक्षा कमी असेपर्यंत ओळ छापा. किती वेळा छापली जाईल? मी सहा लिहिलं. बरोबर पाच. का: माया सोडली.’

आता हे शिवणाऱ्यालाच कळावं. कापड बेतताना मापापेक्षा बोटभर जास्त ठेवतात, शिवणीत आत जायला आणि पुढं कधी उसवून सैल करायला. त्या जास्तीच्या कापडाला म्हणतात माया. थोरलीनं धाकटीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की माप कितीही असो, माया सोडल्याशिवाय कात्री लावायची नाही. वीस वर्षांत हाताला तीच सवय लागली, आणि आकडे मोजतानाही दोघी नकळत एक जास्त धरत होत्या. खाली धाकटीनं लिहिलं होतं, ‘संगणकाला माया लागत नाही. सांगितलं तेवढंच.’

थोरलीनं पुढची पानं उलटली.

‘दुसरा पेपर, प्रश्न नऊ. आधी बरोबर लिहिलं होतं. खोडून चूक लिहिलं. का: ताईचं बघितलं.’

‘प्रश्न बारा. का: ताईचं बघितलं.’

‘प्रश्न सोळा. तेच.’

आणि पान संपताना: ‘ताईचं बरोबरच असणार असं मला लहानपणापासून वाटतं. पुढच्या वेळी लांब बसायचं. तिला वाईट वाटेल.’

एखादी विरघळली असती. थोरली पेटली. म्हणजे मी चुकते हे हिला दुसऱ्या शनिवारीच कळलं होतं, आणि ही गप्प बसली. वर माझी कीव करते. बरं, ठीक आहे. माया लागत नाही ना? नाही सोडणार. तिनं ते एकच वाक्य पाठ केलं आणि वही पुन्हा थप्पीखाली सरकवली.

परीक्षा झाली. सोमवारी मेट्रनबाईंच्या दाराबाहेर कागद लागला. धाकटीला अठरा, थोरलीला दहा.

दहा. चौदासुद्धा नाहीत. थोरली कागदापाशी इतका वेळ उभी राहिली की शिपायानं तिला बसायला स्टूल दिलं. मेट्रनबाई बाहेर येऊन म्हणाल्या की धुलाईखान्यात एक तारखेपासून जायचं, आणि सहा महिन्यांनी नोंदणीतली एक बाई निवृत्त होतेय, तेव्हा पुन्हा परीक्षा होईल, हवं तर बसा. थोरलीनं मान हलवली. तिचे गुडघे आत्तापासूनच दुखायला लागले होते.

शिवणखोलीत धाकटी मशीनवर झाकण घालत होती. थोरलीनं थप्पीखालून वही काढली आणि तिच्यासमोर आपटली. म्हणाली, मीच घेतली होती, आता कर काय करायचं ते.

धाकटीनं वही उचलली, तिच्यावरचे हिरवे धागे झटकले. तिला शुक्रवारीच दिसली होती, म्हणाली. थप्पी एका बाजूला वर उचललेली होती, आणि ताईची थप्पी कधी वाकडी नसते.

“मग मागितली का नाहीस?”

“मला वाटलं, वाचशील. तुला उपयोग होईल.”

“उपयोग? दहा मिळाले मला. तुझी वही पाठ करून दहा!”

धाकटीनं वही पिशवीत टाकली. “ताई, त्यात तुझ्या चुका नव्हत्या गं. माझ्या होत्या.”

थोरलीला ही चपराक बसायला हवी होती त्याहून जोरात बसली. ती कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. धाकटीनं परीक्षेतला प्रश्नांचा पेपर काढला आणि टेबलावर पसरला. बोट ठेवून विचारलं, सातव्या प्रश्नाला काय लिहिलंस?

थोरलीनं वाचलं. शून्यापासून सुरू करा, दर वेळी एक वाढवा, आकडा पाच किंवा पाचपेक्षा कमी असेपर्यंत ओळ छापा. किती वेळा? तिनं पाच लिहिलं होतं. माया कापून. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच. सहा होत होते. खालच्या एका प्रश्नात एकापासून दहापर्यंत, दहा धरून, असं स्वच्छ छापलेलं होतं, आणि तिथं तिनं नऊ लिहिले होते. त्या पुढं तेच, त्याच्याही पुढं तेच. ‘पाच किंवा’ हे दोन शब्द ठळक अक्षरात होते. आंधळ्यालाही चाचपून कळावेत इतके ठळक.

“का लिहिलंस पाच?” धाकटीनं विचारलं. शिकवायच्या सुरात नाही, नुसतंच.

थोरली म्हणू शकली असती की घाई झाली, डोळे दुखत होते, मास्तर नीट शिकवत नाहीत. तिन्ही वाक्यं तोंडाशी आली. परीक्षेच्या त्या दोन तासांत तिनं कागदाकडे किती बघितलं होतं आणि पुढच्या, शून्याव्या बाकावरच्या पाठीकडे किती, ते तिला पक्कं माहीत होतं. धाकटीचं पान उलटल्याचा आवाज आला की थोरलीची मान वर व्हायची.

“प्रश्न वाचलाच नाही मी,” ती म्हणाली. “तुझं पान उलटलं की नाही, तेवढंच बघत होते. पहिल्यापासून. सगळे शनिवार.”

असं काही ती आयुष्यात कुणाजवळ बोलली नव्हती. धाकटीनं तिच्याकडे बघितलं नाही, पेपरकडेच बघत राहिली, आणि थोरलीला तिचा त्याही क्षणी राग येत होता, हेवा वाटत होता, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त आता ते दोघींना माहीत होतं. मग धाकटीनं आठव्या प्रश्नावर बोट ठेवलं, आणि थोरली तो पहिल्या शब्दापासून वाचायला लागली.