खबर कुणी आणली?

हानसान बेटाकडे निघालेल्या बोटीत मुख्याध्यापिका योम मी-ग्योंग मुद्दाम अशा बाकावर बसल्या, जिथून उपमुख्याध्यापक कू बोन-सू नजरेसमोर राहतील. कू वहीत काहीतरी लिहीत होते. कशाबद्दल? की कुणाबद्दल?

आठवड्यापूर्वी शाळेच्या कचेरीतले अधीक्षक प्यो दार लोटून घेऊन म्हणाले होते, "मॅडम, माझं नाव घेऊ नका हं. कू सर तुमच्याविरुद्ध वर पत्रं लिहितायत. खुर्ची हवीय त्यांना."

तेव्हापासून योमबाईंना कूंच्या साध्या नमस्कारातही काळंबेरं दिसू लागलं. काही कारण न देता त्यांनी परीक्षेचं काम कूंकडून काढून घेतलं. कू फक्त "बरं मॅडम" म्हणाले. ते 'बरं'ही बाईंना खटकलं.

बेटावर त्या दिवशी तोंगयोंग शहरातल्या शाळाप्रमुखांचं शिबिर होतं. चारशे वर्षांपूर्वी याच समुद्रात शत्रूचं आरमार रोखणाऱ्या ॲडमिरल ई सुन-शिन यांच्याकडून शाळा चालवणाऱ्यांनी काय शिकावं, असा विषय. बोलायला नौदलातले एक निवृत्त, बडबडे कप्तान.

"गोष्ट तुम्हाला पाठ आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडून खाणाऱ्या एका हेराने सांगितलं, अमुक दिवशी शत्रूचा सेनापती समुद्र ओलांडणार. दरबारातून हुकूम सुटला, जा, अडवा! ॲडमिरलना त्या खबरीतच डाव दिसला. ते काही लगेच निघाले नाहीत. मग पद गेलं, तुरुंग पाहिला. नव्या सेनापतीच्या हाताखाली जवळजवळ सगळं आरमार बुडालं. सांगा, राजाने ॲडमिरलवर संशय घेतला हे चुकलं का?"

"चुकलंच!" मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, संशय घ्यावाच लागतो! शाळा चालवताय तुम्ही. पण खबर आणली कुणी, ते नको का बघायला?"

लोक हसले. योमबाईंना हसू आलं नाही. वर गेलेली पत्रं प्योंनी पाहिली कुठे? हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

जेवताना त्या भाताच्या गुंडाळ्या आणि तिखट माकूळ घेऊन थेट कूंच्या समोर बसल्या.

"कू सर, तुम्ही माझ्याविरुद्ध वर लिहिलंत?"

"लिहिलं," कू म्हणाले. "पण भिंतीबद्दल. खाली सहीसुद्धा केलीय."

"कुठली भिंत?"

कू बघतच राहिले. "मॅडम, तुम्हाला तीन पत्रं दिली! टेकडीकडची भिंत फुगलीय, खाली पहिलीची पोरं खेळतात. तुम्ही उत्तरच देईनात. मला वाटलं, तुम्हालाच प्रकरण दाबायचंय."

"पत्रं दिलीत कुणाकडे?"

"प्यो साहेबांकडे. आणखी कुणाकडे देणार?"

तरी बाईंचं मन निवांत होईना. हा माणूस आत्ता, इथे बसून रचत असला तर?

शाळेत परतताच त्यांनी स्वतः कपाट उघडलं. तीनही पत्रं फायलीत होती आणि प्रत्येकावर 'पाहिले' म्हणून त्यांचाच लाल शिक्का होता. सारखं सारखं उठायला नको म्हणून तो शिक्का बाईंनीच प्योंकडे देऊन ठेवला होता.

"तुम्हाला ताप नको म्हणून हो, मॅडम," प्यो म्हणाले.

"खरं सांगा."

प्योंनी मान खाली घातली. "भिंत ठीक असल्याचा अहवाल मीच लिहिला होता. न बघता. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय मी; तुम्ही दोघं बोललात तर ते उघडं पडून पेन्शन गेलं असतं."

बाईंनी हात पुढे केला. प्योंनी खणातून शिक्का काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

मग त्या कूंना घेऊन शाळेमागे गेल्या. भिंतीच्या भेगेत त्यांची मूठ आरामात आत गेली. त्यांनी तिथल्या तिथे दोर बांधून मैदान बंद केलं आणि वर फोन लावला: माणसं उद्याच पाठवा, आणि प्योंची चौकशीही करा.

"चुकले मी, कू सर," त्या म्हणाल्या. "परीक्षेचं काम उद्यापासून परत तुमच्याकडे."

कू दोराची गाठ आवळत होते. "काम काढलंत तेव्हा एकदा विचारायचं होतंत, मॅडम. मी समोरच्याच खोलीत होतो."

भिंत हिवाळ्यापूर्वी नवी झाली. कूंनी मात्र बदलीचा अर्ज दिला. बाईंनी दोनदा वाचला, एकदा त्यांना बोलावून थांबायची विनंती केली, आणि त्यांनी नम्रपणे नकार दिल्यावर स्वतःच्या हाताने त्यावर शिक्का मारला.