आधी ह्युबर्ट

ह्युबर्ट प्रीसने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मनात तीनपर्यंत मोजलं. पूर्वी तो मोजत नसे. आता मात्र किती वेळ हुंगलं म्हणजे लोकांना खरं वाटेल, याचा अंदाज घ्यावा लागत होता. ग्लासात विल्फची काळी बिअर होती, आणि ह्युबर्टच्या नाकाला तिच्यात आणि नळाच्या पाण्यात काडीचाही फरक कळत नव्हता.

"बोल की आता," विल्फ म्हणाला. "तू डोळे मिटलेस की मला दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं होतं."

"सातूचं माल्ट किती भाजलं होतंस?"

"वीस मिनिटं. मग बायको किचनमध्ये येऊन ओरडली, म्हणून भांडणाची दहा मिनिटं आणखी."

"तीच दहा मिनिटं नडली. मागाहून करपट लागते."

"बघा!" विल्फने टेबलावर थाप मारली. "घरातलं भांडणसुद्धा याला ग्लासात सापडतं!"

सगळे हसले आणि मग पुन्हा आपापल्या ग्लासातून प्यायले. ह्युबर्टही हसला. टेबलाखाली त्याने ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या एका चकतीचे चार तुकडे केले होते, आता त्या चारांचे आठ करत होता.

नोव्हेंबरात आठ दिवस ताप आला होता. ताप गेला तो वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, येईल परत, कदाचित नाहीही येणार. घरी फक्त मेव्हिसला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. ती रोज सकाळी दूध हुंगून मग त्याच्या चहात घालायची. एकदा शेगडीवर पातेलं जळून कोळसा झालं आणि हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. तेव्हा मेव्हिस म्हणाली होती, "सांगून टाक त्यांना, ह्युबर्ट. माणसं खाणार नाहीत तुला." दर महिन्याला बैठकीसाठी गावच्या हॉलकडे गाडी चालवताना तो सांगायचं ठरवायचा, आणि गाडी उभी करेपर्यंत ते बारगळायचं.

कारण आमच्या खोऱ्यात घरी बिअर आणि सफरचंदांची सायडर करणाऱ्या या मंडळाची घटना म्हणाल तर दोनच शब्दांची: आधी ह्युबर्ट. ग्लास भरले की ह्युबर्टने बोलायचं, तोवर बाकीच्यांनी घोट घेतला तरी चेहरे कोरे ठेवायचे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण तीस वर्षांत कुणी मोडलेलं नाही. सत्तावीस वर्षं या माणसाने खोऱ्यात टपाल वाटलं, आणि फाटकातूनच तो सांगायचा की तुमचा बुधला आंबायचा थांबलाय, जरा उबेला ठेवा. ते नाक गेलं तर उरतं कोण? पेन्शनवरचा पोस्टमन. तसे गावात सहा आहेत.

म्हणून त्याने युक्ती काढली होती. आधी कृती विचारायची. कुठलं माल्ट, किती ऊब, किती दिवस. चाळीस वर्षांचा अनुभव गाठीला होता. कृती ऐकली की चव मनात उभी राहायची. आंबट, गोड, कडू एवढं जिभेला अजून कळत होतं. उरलेलं लोकांच्या तोंडाकडे बघून; कितीही कोरं ठेवलं तरी काहीतरी दिसतंच. तीन बैठका निभावल्या होत्या. दर वेळी घरी गेल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

आजची मार्चची बैठक म्हणजे तर सगळ्यात अवघड. या दिवशी प्रत्येकाने पुढच्या वर्षाची कृती वाचून दाखवायची आणि मग सामाईक पिंप भरायचं. हॉलमागच्या खोलीत ओकचं एक मोठं पिंप आहे. ज्याच्या-त्याच्या घरची सायडर त्यात एकत्र करतात आणि ऑगस्टच्या जत्रेत सगळं गाव ती पितं. पिंपात काय जाईल ते ह्युबर्ट ठरवतो. एक नासका बुधला आत गेला तर सगळं पिंप गेलं.

"ट्रेफर, तुझी कृती," ग्लेनिस म्हणाली. ती मंडळाची सचिव. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेलं, त्यामुळे अजूनही सगळ्यांना रांगेत उभं केल्यासारखं बोलायची.

ट्रेफर उभा राहिला. त्याचं टायरचं दुकान होतं. दांडगा माणूस, पण अक्षर मुंगीएवढं. कागद डोळ्यांजवळ धरून तो म्हणाला, "जानेवारीतलीच बिअर. फक्त तिप्पट."

"तिप्पट! दुकानात आंघोळीचा टब आणलास की काय?" विल्फ म्हणाला.

"आणलाय," ट्रेफर गंभीरपणे म्हणाला. "हॉप्सची कडू फुलं शेवटच्या पाच मिनिटांत घालायची. आधी नाही. जत्रेत मांडणार आहे, माझ्या नावाची पाटी लावून." मग त्याने ह्युबर्टकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. "अकरा वर्षांत ह्युबर्ट पहिल्यांदा म्हणाला, ट्रेफर, आता झाली बघ बिअर. तर तीच करावी म्हटलं."

"कर की," ह्युबर्ट म्हणाला आणि उठून खिडकीशी गेला. खिडकी बंदच होती, ती त्याने पुन्हा बंद केली. जानेवारीत कृती ऐकली होती, तिच्यात काही खोट सापडली नव्हती, आणि त्या दिवशी तो इतका थकला होता की तोंडाला येईल ते बोलून मोकळा झाला होता.

"बस बाबा, तुझ्या पायाला काय भिंगरी लागलीय का आज?" ग्लेनिस म्हणाली. "टॅम्सिन, तू आता. शेवटची."

टॅम्सिन सप्टेंबरात मंडळात आली होती. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात परिचारिका, तिशीची, बोलायला बिचकणारी. तिने आणलेले सायडरचे तीन काचेचे बुधले दाराशी ठेवलेले होते. त्यातलीच एक बाटली भरून तिने टेबलावर ठेवली आणि ग्लास भरले.

"कृती सांग आधी," ह्युबर्ट म्हणाला.

"आधी चव घ्या ना, मिस्टर प्रीस. कृती ऐकली की सगळे सांभाळून घेतात मला."

"कृती आधी सांगायची पद्धत आहे."

"कधीपासून?" ग्लेनिसने चष्म्यावरून बघितलं. "तूच म्हणायचास ना, तोंडं बंद ठेवा, ग्लास बोलेल?"

"म्हातारा झालो, ग्लेनिस."

"ते दिसतंय. पी."

 त्याने ग्लास उचलला, तीन मोजले, घोट घेतला. आंबटपणा बेताचा. थोडी गोडी. शेवटी जीभ कोरडी करणारा तुरटपणा, चांगल्या सफरचंदांचा. पोरीने फळं निवडून घेतली होती. बाकीच्यांनीही घोट घेतले, आणि ह्युबर्टने एकेक चेहरा बघितला. विल्फ ओठ चाटत होता. ग्लेनिस कागदावर पेन टेकवून तयार. ट्रेफर छताकडे बघत होता. कुणाचंच तोंड वाकडं झालं नाही.

"स्वच्छ आहे," ह्युबर्ट म्हणाला. "जाऊ दे पिंपात."

ग्लेनिसने कागदावर खूण केली.

आणि मग, हळूहळू, विल्फचा हात टेबलावरच्या ताटलीतल्या चीजकडे गेला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला, लगेच दुसरा. ग्लेनिसने लोणच्यातला कांदा उचलला आणि न चावता गालात धरून ठेवला. ट्रेफरने दोनदा आवंढा गिळला आणि बुटांकडे बघायला लागला.

ह्युबर्टने हे सगळं बघितलं आणि त्याला कळलं. इतक्या मागाहून येणारा एकच दोष असतो. ग्लासात त्याचा वास नाही, पहिल्या घोटात चव नाही. गिळल्यावर जरा वेळाने घशामागून येतो, उंदराच्या पिंजऱ्याचा वास. आमच्याकडे त्याला नुसतं 'उंदीर' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली घेतात, कारण त्यावर औषध नाही. वीस वर्षांपूर्वी ह्युबर्टनेच एक अख्खं पिंप त्यापायी गटारात ओतायला लावलं होतं. आज त्याने घाई केली होती. थोडा दम धरला असता तर चेहऱ्यांनी सांगितलं असतं.

"छान आहे हं," विल्फ चीज चघळत म्हणाला.

"छान," ग्लेनिस म्हणाली. "वेगळी आहे जरा."

टॅम्सिन आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती. "नक्की? मला ना, गिळल्यावर काहीतरी घाण येतं. तिन्ही बुधल्यांत तेच, म्हणूनच सगळी आणली खरं तर. पिंपात घालायला नव्हती, इथे कुणी सांगेल काय बिघडलं म्हणून." ती ह्युबर्टकडे बघून ओशाळं हसली. "पण तुम्ही स्वच्छ म्हणालात, म्हणजे मग माझंच नाक कामातून गेलंय. दिवसभर फिनेलात असतं म्हणा ते."

तिने वही उघडली. तीत बारीक अक्षरात चवीच्या नोंदी लिहिलेल्या होत्या, तारखांसकट. पेन घेऊन तिने त्यातल्या दोन ओळी नीट खोडल्या.

ट्रेफर उठला, दोन हातांत दोन बुधले घेतले आणि मागच्या खोलीकडे निघाला.

अजूनही सुटका होती. 'थांबा, आत्ता आला, उंदीर आहे' एवढं म्हटलं की झालं असतं. म्हाताऱ्याचं नाक अजून तेज आहे म्हणून विल्फने टेबल बडवलं असतं. वाक्य ह्युबर्टच्या जिभेवर आलं होतं. पण टॅम्सिन तिसरी ओळ खोडत होती.

"ट्रेफर, थांब. पिंपात घालू नकोस." ह्युबर्ट तिच्याकडे वळला. "टॅम्सिन, खोडू नकोस ते. तुझं बरोबर आहे. मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?" विल्फने विचारलं.

"नोव्हेंबरपासून. काहीच येत नाही. शेण नाही, पाव नाही, काही नाही."

"मग आज माझी बिअर करपट—"

"करपट तूच सांगितलंस, विल्फ. मी फक्त परत सांगितलं."

"अरे लबाडा!" विल्फ म्हणाला, आणि हसावं की नाही ते न कळून अर्ध्यातच थांबला.

ग्लेनिसने चष्मा काढून टेबलावर आपटला. "चार महिने? चार महिने आमच्यासमोर डोळे मिटून नाटकं करतोस? एका शब्दाने सांगवलं नाही तुला?"

"नाही सांगवलं. लाज वाटली. दुसरं काय सांगू?"

"आणि आम्ही!" तिचा राग आता सगळ्या टेबलावर फिरला. "उंदीर लागला मला, चांगला लागला, आणि मी कांदा तोंडात धरून छान म्हणाले. तुला लागला की नाही, विल्फ?"

"लागला," विल्फ म्हणाला. "म्हटलं ह्युबर्टला नाही लागला म्हणजे चीजचाच असेल."

टॅम्सिन हसली. आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने. मग म्हणाली, "पण माझं चुकलं काय?"

 सवयीने सगळे ह्युबर्टकडे बघत होते. तो खुर्चीवर मागे टेकला. "मधे काढलीस का यातली?"

"ख्रिसमसला. शेजाऱ्यांना दिली, तिन्हींतून थोडी थोडी."

"आणि बुधले तसेच ठेवलेस? वर रिकामे?"

"हो."

"दोन-अडीच महिने. तिथेच हवा खेळली, पोरी. फळं चांगली होती तुझी, जिभेला कळलं मला. काढायचं तर एकाच बुधल्यातलं, आणि त्यातूनच बाकीचे काठोकाठ भरून घ्यायचे, रिकामी जागा बोटभरही ठेवायची नाही. ही ओतून टाक आता. आणि नळीपासून बुचापर्यंत सगळं निर्जंतुक कर, नाहीतर पुढच्या वर्षी उंदीर तिथेच बसलेला असेल."

ती भराभरा लिहून घेत होती. ग्लेनिसने चष्मा परत चढवला. "म्हणजे चव आम्ही सांगायची आणि कारण तू. लिहून घेते मी. आणि पुढच्या वेळेपासून आधी टॅम्सिन बोलणार. चालेल ना?"

"चालेल," ह्युबर्ट म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. चार महिने उगाच जीव जाळला, त्याला वाटलं. एवढंच तर होतं.

"जानेवारीत," ट्रेफर म्हणाला.

तो अजून मागच्या दाराशी उभा होता. बुधले त्याने खाली ठेवले नव्हते.

"ती बिअर."

ह्युबर्टने रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "कृती चांगली होती, ट्रेफर. कृतीत एकही चूक नव्हती."

"कृतीचं नाही विचारलं."

"मला माहीत नाही," ह्युबर्ट म्हणाला.

"मला आवडली होती!" ग्लेनिस घाईने म्हणाली. "खरंच आवडली होती, देवाशपथ."

"तू याच्यानंतर बोललीस."

"मलाही—" विल्फ म्हणाला.

"तूही."

"मग एखादी बाटली काढ की," ग्लेनिस म्हणाली. "जा, घेऊन ये. आत्ता उघडू. टॅम्सिन सांगेल, आम्ही तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"उरली नाही." ट्रेफरने बुधले जमिनीवर ठेवले, आवाज न करता. "ज्याचं टायर बदललं त्याला एकेक दिली. ह्युबर्टने चांगली म्हटलीय असं सांगून दिली."

 ह्युबर्ट उठून ट्रेफरपर्यंत गेला. "पुन्हा कर. याच महिन्यात. मी येतो दुकानात, तुझ्या शेजारी उभा राहतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"करीन," ट्रेफर म्हणाला. टेबलाशी येऊन त्याने आपला कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "पण चांगली झाली तरी तुला कळणार नाही, ह्युबर्ट."

मग त्याने दोन्ही बुधले पुन्हा उचलले आणि ओतून टाकायला मागच्या दाराने अंगणात गेला. ह्युबर्टने दाराशी उरलेला तिसरा घेतला आणि त्याच्यामागून बाहेर पडला.