शेवटच्या दोन धारा

बापांना घरात ठेवून तेरा दिवस झाले होते. पूर्वेच्या ओसरीवर, पांढऱ्या कापडाखाली. रोज सकाळी आम्ही त्यांच्या उशाशी कॉफी ठेवायचो, जिवंतपणी ठेवायचो तशी. दर तिसऱ्या दिवशी एक माणूस येऊन औषधाची सुई टोचून जायचा. तरी ऊन वर आलं की औषधाच्या वासाखालून दुसरा वास डोकं काढायचा, आणि आम्ही सगळे तो आलाच नसल्यासारखे बोलत राहायचो. दहन परवावर आलं होतं.

दहनाला झऱ्याचं पाणी लागतं. आमच्या झऱ्याच्या देवळात अकरा धारा आहेत. नऊ जिवंत माणसांच्या, शेवटच्या दोन मेलेल्यांच्या. त्या दोहोंखाली कोणी डोकं धरत नाही. घडा भरायचा आणि मागे न बघता निघायचं. पण घरात प्रेत असलेल्याने देवळाच्या दारातून आत पाऊल टाकायचं नसतं. म्हणून शेजारच्या रेम्पियानीबाई घडा घेऊन आत गेल्या आणि मी बाहेर शहाळ्यांच्या दुकानापाशी उभी राहिले.

बापा चाळीस वर्षं या पाण्याचे कारभारी होते. कोणाच्या खाचरात कधी आणि किती पाणी सोडायचं, हे तेच ठरवत. पाटात थुंकलेल्या माणसाच्या घरी ते परत कधी जेवले नाहीत. तो माणूस माझा सख्खा मामा होता.

देवळाची भिंत कमरेएवढी आहे. बाहेरून सगळं कुंड दिसतं.

समुद्राचा कंटाळा आला की पर्यटक हल्ली वर डोंगरात येतात. किनाऱ्यावर खोटं बेट असतं म्हणे, खरं आमच्याकडे. भाड्याच्या ओल्या सारोंगांचा ढीग दाराशी पडलेला होता. एकाने सोडला की तोच, तसाच गरम, दुसऱ्याच्या कमरेला. पाण्यावर उन्हाच्या मलमाचा तवंग आला होता, सायीसारखा, कडेला जाऊन गोळा झालेला. त्यात सोनेरी केस. जखमेवरची एक चिकटपट्टी तरंगत होती आणि देवाचा मासा तिला तोंड लावून पुन्हा पुन्हा सोडून देत होता. प्रत्येक धारेखाली रांग होती, धारेसाठी नव्हे, फोटोसाठी. दहाव्या धारेखाली एक जोडपं तोंडात तोंड घालून उभं होतं. मेलेल्यांचं पाणी त्यांच्या हनुवट्यांवरून गळत होतं.

अकराव्या धारेखाली माझा धाकटा भाऊ होता. कोमांग.

तो छातीपर्यंत पाण्यात होता. आठ-दहा जणांना हात कसे जोडायचे ते दाखवत होता. त्याचं इंग्रजी मोठ्याने बोललं की गोड होतं. "माझे वडील या पाण्याचे राजे होते," तो सांगत होता. "ते आत्ताच गेले. ते इथे आहेत, या दोन धारांत. ज्यांचं मन जड आहे त्यांनी इथेच यावं." उन्हाने सोललेल्या खांद्यांची एक बाई रडायला लागली आणि तिने त्याच्या ओल्या गळ्यावर डोकं ठेवलं. कोमांगने तिच्या पाठीवर थोपटलं. मग मान वर केली तेव्हा त्याला मी दिसले.

तो निथळत भिंतीवरून रस्त्यावर आला. "म्बोक? तू इथे?" थोरली बहीण म्हणून तो मला म्बोक म्हणतो.

"पाण्यासाठी आलेय. तू?"

"काम. ही मंडळी दोन महिन्यांपूर्वी ठरलीयेत. बापांनी काय मला विचारून डोळे मिटले?"

"घरात प्रेत आहे, कोमांग."

"हळू बोल. आंघोळ करून आलोय मी."

"काल तू त्यांच्या पायाशी झोपलास."

"मग काय झालं? वाहतं पाणी आहे. पुस्तकं वाचून वाचून म्हाताऱ्यांपेक्षा सोवळी झालीयेस तू. शहरात, देनपासारच्या तुझ्या ग्रंथालयात कोण पाळतं गं हे?"

"ग्रंथालयात आपलं देऊळ नाही."

"आणि हे सगळे?" त्याने मागे हनुवटी उडवली. "ह्यांच्यात कोणाची आजी गेलीय, कोणाची पाळी आहे, विचारलंस का जाऊन?"

"त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे."

रेम्पियानीबाई डोक्यावर घडा घेऊन बाहेर आल्या. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. "चला बाई, भराभर! माझे फोटो काढून काढून जीव नकोसा केला. एक म्हणते, मी घडा धरून बघू? म्हटलं, तुझा नवरा मेला की धर."

कोमांगने माझा दंड पकडला. त्याचे हात मलमाने बुळबुळीत झाले होते. "ऐक," तो कानाशी म्हणाला. "बंजारच्या पंचांना कळलं तर देऊळ बंद करतील. आधी शुद्धी, मग दहन. पुढचा मुहूर्त तेवीस दिवसांनी आहे. तेवीस दिवस, म्बोक. मेमेचा विचार कर. आईला त्या ओसरीवर अजून तेवीस दिवस बसवणारेस? त्या वासात?"

घड्याच्या तोंडावरचं केळीचं पान हललं आणि थोडं पाणी रेम्पियानीबाईंच्या कानामागून उतरलं. त्याच्यावर तेलाचा रंग होता.

आवाज ऐकून पुजारी दारात आले. मंकू म्हणतो आम्ही त्यांना. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीवर, कोणीतरी मिठी मारल्याचा तेलकट ठसा होता.

"मंकू," मी विचारलं, "कोमांगच्या कमरेला देवळात शिरायचा पट्टा कोणी बांधला?"

ते जमिनीकडे बघू लागले. "गर्दी होती गं. मला वाटलं तो बाहेर थांबेल."

"थांबला नाही."

"घडा भरलाय ना, बाळ? मग घेऊन जा. तुझे वडील समजूतदार होते. कोणी काही पाहिलेलं नाही."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

"रेम्पियानीबाई," मी म्हणाले, "ओतून टाका."

"काय ओतू?"

"पाणी. कोमांग आत होता. याच धारांखाली. मंकूंना ठाऊक होतं."

मी हे हळू म्हटलं नाही. शहाळेवाला कोयता हातात धरून तसाच राहिला. रेम्पियानीबाईंनी एकदा कोमांगकडे, एकदा मंकूंकडे पाहिलं. "शी," त्या म्हणाल्या, एवढंच. मग घडा उतरवला आणि चाफ्याच्या बुंध्याशी पालथा केला. भिंतीपलीकडून त्या सोललेल्या खांद्यांच्या बाईने हात जोडले, नंतर फोन उचलून आमचा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत बंजारची बैठक झाली. देवळाच्या दाराला पिवळं-पांढरं कापड बांधून ते बंद केलं. कोमांगने शुद्धीचा सगळा खर्च द्यायचा आणि गावाची माफी मागायची, असं ठरलं. बैठकीतून तो माझ्याकडे न बघता गेला.

मेमे ओसरीवर बसली होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं असावं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तेवीस."

मला वाटलं ती रडेल, निदान रागावेल. तिने बापांच्या अंगावरच्या कापडाची एक चुणी सरळ केली. "मग साखर लागेल," ती म्हणाली. "सकाळची कॉफी त्यांना गोड लागते. डबा कालच संपला."

आणखी तेवीस सकाळी बापांची कॉफी करायची, हे मला तेव्हा कळलं, आणि बापा अजून घरातच राहणार म्हणून मला बरं वाटलं. दिवसभर मी पाण्यासाठी भांडले असं धरून चालले होते. आता तेवढी खात्री उरली नाही. दिवसभरात सगळ्यांची मिळून जेवढी किळस आली होती, त्यापेक्षा जास्त मला त्या बरं वाटण्याची आली.

"किती आणू?" मी मेमेला विचारलं.

"एक किलो आण," ती म्हणाली. "पुरेल."