सिस्टरांची दोन मिनिटं

“पाण्याचं यंत्र आधी, आभार नंतर,” वहिनी म्हणाली. “म्हणा बघू परत.”

“म्हटलं की मघाशी.”

“मघाशी तुम्ही ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात केलीत. व्यासपीठाला काय सांगायचंय वन्सं? लाकडाचं असतं ते.”

गावातल्या समाजसेवी क्लबने पाठवलेल्या मोटारीत मागच्या सीटवर नणंद-भावजय बसल्या होत्या. वहिनीचा श्वास वाक्याच्या मध्येच संपायचा, म्हणून ती अलीकडे लहान वाक्यं बोलायची; आणि लहान वाक्यं जास्त टोचतात. भाऊ गेल्यापासून दोघी एका घरात राहत होत्या. लोकांना वाटायचं, चांगलं पटतं दोघींचं. पटत होतं असं काही नाही, पण भांडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

नणंद, म्हणजे सिस्टर, गावच्या सरकारी रुग्णालयातल्या डायलिसिस विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात तीन यंत्रं होती. तिन्ही क्लबने दिलेली, तिन्हींवर देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी. यंत्रं उत्तम होती. फक्त त्यांना लागणारं शुद्ध पाणी तयार करणारं यंत्र मागच्या खोलीत, संडासाच्या भिंतीला टेकून, बरेच महिने बंद पडलं होतं. माणसाचं रक्त धुवायला नळाचं पाणी चालत नाही. त्यामुळे यंत्रं बंद होती आणि विभाग उघडा होता. विभाग उघडा होता कारण तो बंद करण्याचा आदेश आलेला नव्हता. सिस्टर वेळेवर यायच्या, पाट्या पुसायच्या आणि वेळेवर घरी जायच्या.

दुरुस्तीसाठी त्यांनी वर अर्ज केले होते. वर गेलेली वस्तू खाली येते, हा नियम सरकारी अर्जांना लागू नसावा.

रुग्ण आता बसने शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जायचे. सुरुवातीला ते कुरकुर करायचे. मग काहींनी कुरकुर करणं सोडलं, आणि मग जाणं सोडलं. डायलिसिसला जाणं सोडलं, याचा पुढचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वहिनी मात्र जात होती. आठवड्यातून दोनदा, कधी बसून, कधी दांड्याला धरून. मागच्या खेपेला गर्दीमुळे बसमध्ये चढताच आलं नाही, म्हणून ती स्टँडवरून परत आली. ती चुकलेली खेप आता पाणी होऊन तिच्या पायांत आणि छातीत साठली होती.

क्लबने महिला दिनाचा नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला, तेव्हा सिस्टर नाहीच म्हणणार होत्या. बंद विभागाचं कसलं आलंय नेतृत्व! पण वहिनी म्हणाली, “घ्या. माइक देतील ना हातात?”

“सत्काराला उत्तर म्हणून दोन मिनिटं.”

“मग मागा. चारचौघांत मागितलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या भावाकडून फ्रीज मी असाच घेतला. पाहुण्यांसमोर.”

सभागृहात भल्या मोठ्या फलकावर एका स्त्रीची आकृती उगवत्या सूर्याकडे हात करून उभी होती आणि तिच्या खाली क्लबच्या पाच पदाधिकाऱ्यांची छायाचित्रं होती. त्यातले चार पुरुष होते. पाचव्या म्हणजे यंदाच्या अध्यक्षबाई. “आज महिलांनी काही करायचं नाही, फक्त बसायचं,” असं सूत्रसंचालक लाडात येऊन म्हणाला. पण खुर्च्या कमी पडल्या, आणि सदस्यांच्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वहिनीला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. एका बाईने मोठ्या आपुलकीने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. वहिनीला दिवसभरात मोजकेच घोट चालायचे आणि ते दुपारीच संपले होते. तिने बाटली मांडीवर आडवी धरली आणि तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं.

अध्यक्षबाईंच्या टेबलावर एक पितळी घंटा होती. बोलणाऱ्याची दोन मिनिटं झाली की सचिव ती वाजवायचे. क्लबची ही जुनी शिस्त. घंटा वाजल्यावरही बोलत राहणं, ही त्याहून जुनी रीत. जो जितक्या घंटा पचवेल तितका तो वजनदार समजला जाई. पहिला पुरस्कार बांधकामाच्या धंद्यातल्या एका बाईंना होता. त्यांनी तीन घंटा पचवल्या आणि चौथीला सचिवांकडे बघून गोड हसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा पुरस्कार एका मुख्याध्यापिकेला. त्या तर घंटेच्या आवाजावर आपला आवाज चढवून बोलल्या. शाळेत हेच करत आलेल्या.

मग सिस्टरांची पाळी आली. अध्यक्षबाईंनी मानपत्र वाचलं. त्यात सिस्टर दीपस्तंभ होत्या, वटवृक्ष होत्या आणि एके ठिकाणी शीतल चांदणंही होत्या. यंत्रं सध्या बंद आहेत, एवढी एकच गोष्ट त्यात नव्हती. सिस्टरांना हसू आलं. मग, त्यांची त्यांनाच लाज वाटावी अशी गोष्ट घडली. ते वाचणं संपू नये असं त्यांना वाटलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविषयी कोणी इतका वेळ सलग बोललं नव्हतं. साधं ‘सिस्टर, दमलात का’ एवढंसुद्धा नाही.

खांद्यावरून रेशमी पट्टा आला, हातात काचेचं सन्मानचिन्ह आलं आणि तोंडासमोर माइक.

“सन्माननीय व्यासपीठ,” सिस्टर म्हणाल्या.

तिसऱ्या रांगेत वहिनीने डोळे मिटून घेतले.

“मला भाषणाची सवय नाही. वॉर्डात माझं एकच भाषण असतं. ‘आवाज बंद!’ तेसुद्धा नातेवाइकांना.”

सभागृह हसलं. सिस्टर दचकल्या. आपल्या बोलण्यावर एवढी माणसं एकदम हसू शकतात, हे त्यांना वयाच्या या टप्प्यावर कळत होतं. हसणं ओसरल्यावर त्यांनी आभार मानायला घेतले, आणि आभार मानता मानता त्यांना एक आजोबा आठवले.

“आमच्याकडे एक आजोबा यायचे. त्यांना यंत्राला जोडलं की मला म्हणायचे, ‘सिस्टर, माझं रक्त बाहेर फिरून येतं. मग मलाच का हो सोडत नाही?’”

लोक पुन्हा हसले आणि मध्येच थांबले. त्या थांबण्यात काहीतरी होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने रुमाल काढला. सिस्टरांनी थोडं थांबून तिला डोळे पुसू दिले. हेही आपल्याला येतं तर! मग त्यांनी आपल्या आईविषयी सांगितलं, पहिल्या ड्यूटीविषयी सांगितलं. ते आजोबा शहराकडे जायचे कधी थांबले, ते सांगायचं मात्र राहून गेलं. वहिनी तिसऱ्या रांगेत नुसते ओठ हलवत होती. पाणी. पाणी.

सिस्टरांनी ते पाहिलं. त्यांनी माइक घट्ट धरला.

“आता एकच मागणं आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या विभागात—”

टण्ण.

घंटा वाजली की कुठेतरी, कुठल्या तरी खाटेवर माणूस अडलेला असतो. सिस्टरांची सगळी नोकरी या एका गोष्टीवर उभी होती. घंटा झाली की हातातला कप ठेवायचा, तोंडातला घास गिळायचा, चालू वाक्य तिथेच सोडायचं आणि निघायचं. पाय आधी निघायचे, मन मागून पोचायचं. भावाच्या शेवटच्या दिवशी त्या रुग्णालयात त्याच्या उशाशी बसल्या होत्या. तो काहीतरी सांगत होता. पलीकडच्या खोलीत घंटा झाली आणि त्या उठल्या. परत आल्या तेव्हा त्याचं सांगून झालं होतं. ऐकायला वहिनी एकटीच होती. काय म्हणाला, हे सिस्टरांनी कधी विचारलं नाही आणि वहिनीने आपण होऊन सांगितलं नाही.

भानावर आल्या तेव्हा सिस्टर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली उभ्या होत्या. माइक वर राहिला होता.

“बघा!” अध्यक्षबाईंनी तो उचलला. “याला म्हणतात शिस्त! नाहीतर आमचे मेंबर!” सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. “आणि सिस्टर, तुमचं मागणं आम्ही न सांगता ओळखलंय बरं का. आजच्या दिवसाचं औचित्य साधून आपला क्लब सिस्टरांच्या विभागाला भेट देतोय, चौथं डायलिसिस यंत्र!”

देणगीदार सदस्य जागच्या जागी उठले आणि चारी दिशांना वाकले. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. एका हातात सन्मानचिन्ह असल्यामुळे त्यांच्या टाळ्यांचा आवाज येत नव्हता.

जेवणाच्या टेबलांपाशी त्यांनी अध्यक्षबाईंना गाठलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ताटली बाजूला ठेवली आणि सगळं नीट ऐकून घेतलं. तसं कोणी इतकं नीट ऐकत नाही.

“म्हणजे तिन्ही बंद?”

“बंद, मॅडम. चौथंही बंदच राहील. पाणीच नाही त्यांना.”

“अहो, मग बोलायचं ना वर!”

“बोलतच होते. घंटा झाली.”

“घंटेचं काय घेऊन बसलात! घंटा काय, ती वाजतेच.” अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. “सगळ्यांसमोर म्हणाला असतात तर त्याच यंत्राचं मी पाण्याचं यंत्र करून टाकलं असतं. तेव्हाच्या तेव्हा. आता जाहीर झालं सिस्टर, नावासकट झालं. त्यांच्या आईच्या नावानं देतायत ते.”

“मग वेगळी दुरुस्ती—”

“दुरुस्ती आमच्यात बसत नाही हो. वस्तू बसते. मी आणीन विषय मीटिंगला, पण आत्ताच सांगते, मेंबर काय विचारणार. पाटी कुठे लावायची? मागच्या खोलीत, संडासापाशी? तिथे फीत कापायला कोण येणार?” हे त्यांनी चेष्टेने म्हटलं नाही, खरोखरची अडचण होती ती. मग त्यांनी सिस्टरांच्या दंडावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी बघू. नक्की बघू. पण बोललात मात्र काय सुंदर! आजोबांच्या त्या गोष्टीला मी रडले, खरंच.”

पुढचं वर्ष हा शब्द सिस्टरांनी वॉर्डात अनेकदा वापरला होता. तो कोणाला सांगायचा असतो, ते त्यांना ठाऊक होतं.

वहिनी बाहेर व्हरांड्यात एका खुर्चीवर बसली होती. आत पदार्थांच्या वासाने तिला गुदमरायला होत होतं. बसायला सोपं जावं म्हणून तिने सँडल काढून ठेवल्या होत्या आणि तेवढ्या वेळात पाय आणखी सुजले होते. सिस्टर तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पट्टा अजून खांद्यावर होता.

“जेवलात?” वहिनीने विचारलं.

“नाही.”

“जेवायचं की. चांगलं होतं म्हणे. सूप होतं.”

“वहिनी, घंटा झाली गं.”

“ऐकली मी.”

आतून गाण्याचा आवाज यायला लागला. कोणीतरी माइकवर फुंकर मारत होतं.

“चांगलं बोललात पण,” वहिनी म्हणाली. “मला माहीत नव्हतं तुम्हाला असं बोलता येतं. इतकी वर्षं घरात नुसतं ‘गोळी घेतलीस का’.” तिने दम घेतला. “आजोबांचं तर फार छान.”

“तू शिव्या दे मला.”

“देईन. दम लागतो आत्ता.” ती खरोखरच थोडी हसली. “उद्या लवकर निघू आपण. पहिल्या गाडीला गर्दी नसते.”

“मी येते बरोबर.”

“आणि विभाग?”

“विभागाला काय होतंय!”

सिस्टर खाली बसल्या. गुडघे टेकवून, पट्टा पायात येत होता तो मागे सारून, त्यांनी वहिनीचा उजवा पाय मांडीवर घेतला. घोट्यापाशी अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला आणि तो भरून येईना. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्या सँडल चढवायला लागल्या.

निघालेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती. एका गृहस्थाने बायकोला थांबवून ते दृश्य दाखवलं. क्लबचा फोटोग्राफर सामान आवरून बाहेर पडत होता. तो थबकला, त्याने पिशवीतून कॅमेरा परत काढला आणि एक पायरी खाली उतरून नेम धरला.

“वा! हा पुढच्या अंकाला चालेल. सिस्टर, एक मिनिट, जरा वर बघा.”

सिस्टरांनी वर पाहिलं नाही. त्यांनी सँडलच्या पट्ट्याचं शेवटचं भोक चाचपलं, पट्टा ताणला, सोडला, पाय थोडा वळवून पुन्हा ताणला. तो पोचत नव्हता.