मेंढ्यांच्या कुरणातला बांधाचा दगड

मित्रांनो, मी बांधावरचा एक जुना दगड आहे. आता बांधच राहिला नाही, म्हणून मेंढ्या माझ्यावर पाठ घासतात. त्यांना माझ्या बोलण्याचे सोयरसुतक नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

मला ऑल्डविक गावच्या पहिल्या माणसांनी रोवले. नांगराला आठ बैल लागत आणि तेवढे कुणा एकाकडे नव्हते. म्हणून सगळ्यांनी आपापले बैल एकत्र जुंपले आणि रानाचे लांब पट्टे वाटून घेतले. मग चर्च झाले. तिथून ओढ्यापर्यंत एकच रस्ता, दुतर्फा गवताने शाकारलेली घरे, मागे कोबीचे वाफे. गावाभोवती तीन मोठी राने होती. दरवर्षी दोन पिकायची, एक विसाव्याला पडीक राहायचे. म्हणून प्रत्येक घराचा तिन्ही रानांत एकेक पट्टा असायचा.

माझ्या डावीकडचा पट्टा विधवा एमटचा, उजवीकडचा तिचा शेजारी ऑसबर्टचा. एमट माझ्यावर बसून भाकरी खायची.

"भाऊजी, नांगर माझ्या बाजूला फार ओढ घेतोय हं."

"बैलाला विचारा, वहिनी. तो तुमचाच आहे."

मला त्यांचे भांडण फार आवडायचे.

एका वर्षी आमचे रान पडीक होते. जहागीरदाराचा कारभारी आला. "मालकांच्या मेंढ्या इथे बसवू का?"

"फुकटचं खत! नको कोण म्हणेल?" ऑसबर्ट म्हणाला.

"बसतील, पण उठतील कधी?" एमटने विचारले. सगळे तिलाच हसले.

विसाव्याचे वर्ष सरले. पेरणीच्या दिवसांत एमट ओटीत गहू घेऊन आली, तर रानाला काटेरी कुंपण!

"लोकरीला भाव आलाय, बाई," कारभारी म्हणाला. "मेंढ्या इथेच राहणार."

"माझा पट्टा या दगडापासून आहे. यंदा दुसरं रान पडीक आहे. उरलेल्या एका पट्ट्यावर वर्षभर मी खायचं काय?"

"दगडाला विचारा."

मित्रांनो, मी साक्षीसाठीच रोवलेला होतो. पण मला बोलता येईना. त्या दिवसासारखी लाज मला कधी वाटली नाही.

एमटने कुंपणातून हात घालून मूठभर गहू माझ्या पायाशी टाकला आणि ती गाव सोडून गेली. गहू उगवला. मेंढ्यांनी खाल्ला. पुढे उरलेली रानेही मेंढ्यांकडे गेली, माणसे निघून गेली, घरे कोसळली, रस्त्यावर गवत आले.

म्हणून सांगतो, मोकळे रान दिसले की ते कुणाचेच नाही असे समजू नका. थांबून विचारा. हे रान एमटचे आहे. सांगायला मी एकटाच उरलो आहे.