मधला सत्तेचाळीस

वर्गात तिला सगळे ‘झेरॉक्स’ म्हणायचे. पुस्तक एकदा वाचलं की स्वल्पविरामासकट छापून निघायचं. मी कॉलेजच्या संगणक लॅबचा सहायक. ती असली की आमचा प्रिंटर आजारपणाची रजा टाकायचा, हे मी शपथेवर सांगतो, कुणी विचारत नाही तोवर.

लेखी परीक्षेत तिला ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर. प्रात्यक्षिकात मात्र दोनदा नापास. ही तिसरी आणि शेवटची संधी. आज हुकली की वर्ष गेलं.

चिठ्ठीत निघालं: आकडे चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्राम. झेरॉक्सने डोळे मिटले आणि बोटं अशी पळवली की कीबोर्डखालून धूर निघाला. मी खिडकी उघडली. तिने प्रोग्राम चालवला. पडद्यावर लाल अक्षरं: बाराव्या ओळीत चूक.

"काका, मशीन बिघडलंय!"

"ते वयाने तुझ्याहून मोठं आहे, जरा मान ठेव."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बाराव्या ओळीत एकटाच ४७ बसला होता.

"हे पाहुणे कोण?"

"पुस्तकात आहे, मॅडम."

"कुठे?"

"कंसाच्या खाली, अगदी मधोमध. मग पान उलटलं की..." ती थांबली. कान लाल झाले. "अगंबाई! पानाचा नंबर!"

"दहा मिनिटं उरलीत. आता हेच आकडे उतरत्या क्रमाने लाव. ते कुठल्याच पानावर नाही."

झेरॉक्सने डोळे मिटले. काही छापून येईना. मग उघडले. स्वतःच टाइप केलेलं ती पहिल्यांदा वाचू लागली, पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत. ४७ पुसला. एका ओळीवर बराच वेळ अडली, आणि ‘पेक्षा मोठा’ची खूण उलटी फिरवली. आकडे मुकाट रांगेत उभे राहिले, थोरला पुढे.

"पास," बाई म्हणाल्या.

बाईंच्या डोक्यातून मात्र तो ४७ जाईना. त्यांनी माझ्याकडून लेखीचा गठ्ठा मागवला. लेखीतही हाच प्रोग्राम विचारलेला. झेरॉक्सच्या पेपरात ४७ दिमाखात बसलेला, शेजारी पैकीच्या पैकी मार्क. त्याखालच्या, दुसऱ्या कुणाच्या पेपरात तो नव्हता. तिथे लाल शाईत शेरा: ‘एक ओळ राहिली.’ एक मार्क कापलेला.

"हे तपासलं कोणी?"

मी खिशातलं लाल पेन आत ढकललं आणि खिडकीबाहेर बघू लागलो. बरं झालं, ती आधीच उघडी होती.