घरीच लागलं

मंजूनं तव्यावर भाकरी टाकली, तेवढ्यात डाळमिलच्या मालकाची गाडी तांड्यात शिरली. मागच्या सीटवर तिचा नवरा करण, उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला, गमछा रक्तानं भिजलेला. शेजारी दौलतसिंग, तिचा चुलत सासरा आणि मिलचा मुकादम. मंजू तशीच पिठाच्या हातानं गाडीत बसली.

"डॉक्टरनं इचारलं त घरी कडबा कापाच्या कुट्टीत हात गेला म्हून सांगजो," दौलतसिंग म्हणाला. "मिलचं नाव निंगालं की मालकाले सरकारले कळवा लागते. मंग चौकशी."

"मंग कळवू द्या न, काकाजी! काहून नाई कळवत?"

"मिल बंद झाली त तांडा खाईन काय?"

तांड्याची ही रीतच होऊन बसली होती. हात जायचा मिलच्या पट्ट्यात आणि सांगायचं कडबा कुट्टीत. सासरे मदनसिंग यांची बोटं अशीच गेली, शेजारच्या खेमाचा पंजाही असाच. मालक दवाखान्याचा खर्च करी, घरी तूरडाळ पाठवी आणि वर देवमाणूस म्हणवून घेई! मिलमध्ये कुणाला कधी काही झालंच नाही म्हटल्यावर पट्ट्यावर जाळी कोण कशाला बसवील? मंजूला मालकापेक्षा आपल्याच माणसांची चीड आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर करणच कण्हत म्हणाला, "घरीच लागलं, साहेब. कुट्टीत."

मंजूच्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटं बोलून राह्यला हा! आमच्या अख्ख्या तांड्यात कुट्टी नाई, साहेब. दारात ढोर नाई, कुट्टी कायले ठेवू? मिलच्या पट्ट्यात हात गेला. तसंच लिवा."

करणनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी तसं पोलिसांना कळवलं आणि संध्याकाळी पोलीस मिलवर जाऊन आले. आता अपघात कळवल्यावाचून मालकाची सुटका नव्हती. त्यानं रागारागानं मिललाच कुलूप ठोकलं, आणि सारा तांडा मंजूच्या दारात जमला.

सासू गोमतीबाई सगळ्यांच्या पुढे होती. "पोराचा हात त गेलाच, आता साऱ्याइची रोजी बी घालवली तुनं!"

"उद्या जाऊन मालकाचे पाय धरा, आई. मिल उघडीन तो," मंजू म्हणाली. ती दारातून हलली नाही. "पट्टा तसाच उघडा राहीन. करणच्या जागेवर कोनाले उभं करता, तेवढं आत्ता सांगा. गोविंदसिंगले?"

गोमतीबाईनं शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या लेकाचं, गोविंदसिंगचं मनगट घट्ट धरलं.